व्हॅन व्ह्लेक, जॉन हॅझब्रूक
(१३ मार्च १८९९–२७ ऑक्टोबर १९८०). अमेरिकन भौतिकीविज्ञ. चुंबकत्वाच्या पुंजयामिकीय सिद्धांताचे एक प्रवर्तक. जन्म मिडलटाऊन (कनेक्टिकट) येथे. हार्व्हर्ड विद्यापीठाची पीएच्.डी. पदवी मिळविल्यावर (१९२२) त्यांनी मिनेसोटा व विस्कॉन्सिन या विद्यापीठांत अध्यापन केले. १९३४ पासून निवृत्तीपर्यंत (१९६९) ते हार्व्हर्डमध्येच होते.

विरल मृत्तिका आयनांची चुंबकीय परिबले एफ्. हुंट यांनी १९२५ मध्ये गणिताने काढली. ती प्रयोगांशी उत्तम जुळली; समारियम व यूरोपियम मात्र अपवाद ठरले. यूरोपियमाच्या त्रिसंयुजी आयनाचे परिबल सिद्धांतानुसार शून्य यावयास हवे, पण प्रत्यक्षात ते बरेच मोठे आढळे. या आयनांच्या नीचतम ऊर्जा पातळीच्या अगदी जवळ इतर पातळ्या असतात व त्यांचा परिणाम वगळून चालत नाही, असे व्हॅन व्ह्लेक यांनी ॲमेलिया फ्रँक यांच्यासह दाखविले (१९२९). अशा वरच्या पातळ्यांमुळे येणाऱ्या, तापमानावर अवलंबून नसलेल्या समचुंबकत्वाला आज व्हॅन व्ह्लेक यांचेच नाव आहे. अपवाद म्हणून बाजूला टाकता आली असती अशी ही विसंगती नव्या यामिकीची कसोटीच ठरली.

बेटे यांची स्फटिक क्षेत्राची कल्पना त्यांनी लोह गटातील लवणांच्या चुंबकत्वाला लावली. विद्युत् व चुंबकीय प्रवणतांवरील त्यांचा ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७७ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यांना नेव्हिल मॉट व आपलेच विद्यार्थी फिलिप अँडर्सन यांच्याबरोबर विभागून मिळाले. हा गौरव बराच उशिरा झाला, असे म्हणावे लागते. केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथे ते मृत्यू पावले.