गोल कोपरे आणि साबणाची वडी

मंडळी, या शनिवारी जरा इतिहास. शिवकालीन वगैरे नाही हो, आपल्याच धंद्यातला. पण आधी माझी एक फजिती ऐका.

काही वर्षांपूर्वी आमच्या आयफोन अ‍ॅपचा डेमो होता. प्रोफाइलचा फोटो गोल हवा होता. त्यात काय मोठंसं? फोटोच्या चौकोनाची रुंदी भागिले दोन, ती झाली कोपऱ्याची त्रिज्या, बाहेरचं कापून टाक. दोन ओळींचं काम. माझ्या फोनवर फोटो बांगडीसारखा गोल! डेमोला क्लायंटने स्वतःचा मोठा फोन काढला आणि त्यावर साहेबांचा चेहरा अर्धी झिजलेली साबणाची वडी झाला होता.

त्या रात्री मी तेच केलं जे बरेच जण करतात. एक दशांश सेकंद थांबायचं आणि मग त्रिज्या द्यायची. चाललं की! पण दुसऱ्या दिवशी कोड बघून टीममधल्या सीनियर ताई म्हणाल्या, "अरे, तू नक्की कशाची वाट बघतोयस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाजच वाटली खरं तर.

उत्तर शोधता शोधता पोचलो थेट १९८१ मध्ये. अ‍ॅपलमध्ये बिल अ‍ॅटकिन्सन तेव्हा लिसा आणि मॅकिंटॉशसाठी चित्रं काढणारा कोड लिहीत होता. पुढे त्याचं नाव क्विकड्रॉ झालं. ६८००० प्रोसेसरला अपूर्णांकांचं गणित थेट येत नसे. मग बिलने युक्ती काढली: विषम संख्या ओळीने मिळवत गेलं की वर्गसंख्या मिळतात. १, मग १+३=४, मग १+३+५=९. नुसत्या बेरजेवर पठ्ठ्याने वर्तुळं आणि लंबवर्तुळं झरझर काढून दाखवली.

स्टीव्ह जॉब्सने विचारलं, गोल कोपऱ्यांच्या चौकोनांचं काय? बिल म्हणाला, अवघड आहे आणि गरजही नाही. झालं! जॉब्सने खोलीतल्या वस्तू दाखवायला सुरुवात केली, मग त्याला बाहेर फिरायला नेलं. जिकडे बघावं तिकडे गोल कोपरे, शेवटी 'नो पार्किंग'ची पाटीसुद्धा! बिलने हात टेकले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काम करूनच आला. साध्या चौकोनांइतक्याच वेगाने जवळजवळ. त्यांचा सहकारी अँडी हर्ट्झफेल्डने ही आठवण लिहून ठेवली आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. क्विकड्रॉला गोल कोपऱ्याचा चौकोन काढायला सांगताना त्याच हाकेत चौकोनही द्यावा लागे आणि कोपऱ्याची मापंही. माप आणि गोलाई एकाच क्षणी. त्यामुळे 'आधी काय, नंतर काय' हा प्रश्नच नव्हता.

पुढे ही जोडी फुटली. आयफोनच्या अ‍ॅप्समध्ये गोलाई हा थराचा गुणधर्म झाला: एकदा आकडा दिला की तो तिथेच बसतो. सगळ्या आयफोनची रुंदी ३२० पॉइंट, त्यामुळे हे खपून गेलं. २०१२ मध्ये आयओएस ६ बरोबर ऑटो लेआउट आलं. त्याच्या मुळाशी १९९० च्या दशकातली कॅसोवरी नावाची समीकरणं सोडवणारी पद्धत आहे. आपण फक्त अटी सांगायच्या, मापं नंतर ठरणार. आणि २०१४ मध्ये ३७५ आणि ४१४ पॉइंट रुंदीचे फोन आले. मग मात्र बिंग फुटलं!

कारण 'व्ह्यू डिड लोड' चालतं तेव्हा अटी सुटलेल्याच नसतात. तिथे मिळणारं माप स्टोरीबोर्डमधलं असतं. मी १०० चं अर्धं ५० दिलं, नंतर फोटो १२० चा झाला, त्रिज्या ५० च राहिली. झाली वडी. व्ह्यू नुसत्या कोडमधून बनवला असेल तर माप शून्य, त्रिज्याही शून्य, फोटो ठार चौकोनी.

म्हणजे मी वाट बघत होतो ती मापाची, घड्याळाची नव्हे. उपाय सोपा आहे. त्या फोटोचा छोटा स्वतंत्र क्लास करा आणि त्याच्या 'लेआउट सबव्ह्यूज'मध्ये त्रिज्या मोजा. माप बदललं की ते पुन्हा बोलावलं जातं, फोन आडवा केला तरी. मात्र ते अनेकदा चालतं, म्हणून तिथे दर वेळी नवा थर जोडू नका. कंट्रोलरच्या 'व्ह्यू डिड लेआउट सबव्ह्यूज'वर विसंबू नका, खोल आत बसलेल्या व्ह्यूंची मापं तेव्हा ठरलेली असतीलच असं नाही. टेबलाच्या सेलमध्येही हाच घोळ होतो.

गंमत म्हणजे चाक फिरून तिथेच आलंय. २०१९ च्या स्विफ्टयूआयमध्ये आकाराला चौकोन हातात देऊनच रेषा काढायला सांगतात. २०२५ च्या आयओएस २६ मध्ये यूआयकिटलाही 'कॅप्सूल कर' एवढंच सांगता येतं, आकडा नाही. माप आणि गोलाई पुन्हा एकत्र, १९८१ सारखी.

बिल अ‍ॅटकिन्सन जून २०२५ मध्ये गेला. बातमी वाचली आणि तो जुना कोड उघडला. 'एक दशांश सेकंद थांब' अजून एका कोपऱ्यात तसंच होतं. काढून टाकलं.

असो. सोमवारी तुमच्या कोडमध्येही असं थांबणं सापडलं तर ताईंचा प्रश्न विचारून बघा.