‘सीआयडी’ची लॅब किती खरी? प्रेक्षक हसतात ते बरोबर, पण चुकीच्या गोष्टीवर!

डॉ. साळुंखे एका टेस्ट ट्यूबमधलं निळं पाणी दुसऱ्या ट्यूबमधल्या पिवळ्या पाण्यात ओततात, रंग बदलतो आणि खुनाचा उलगडा होतो. ‘सीआयडी’च्या या सीनवर किती मीम्स आली, याला गणतीच नाही. दयाचा दरवाजा, एसीपी प्रद्युमन यांची हवेत फिरणारी बोटं आणि साळुंखेंची रंगीत पाणी, हे तीन विनोद महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर चालतात.

पण साळुंखेंची लॅब खरंच इतकी खोटी आहे का? आणि समजा असली, तर आपलं काय बिघडतं? समजून घेऊ.

मालिका एक, मतं तीन

बी. पी. सिंग यांची ‘सीआयडी’ २१ जानेवारी १९९८ला सोनी टीव्हीवर सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८पर्यंत चालली. दीड हजारांहून जास्त भाग झाले. २१ डिसेंबर २०२४ला ती पुन्हा सुरू झाली. प्रद्युमन साकारणारे शिवाजी साटम हे मराठी रंगभूमी आणि सिनेमातलं ओळखीचं नाव, त्यामुळे मालिका हिंदी असली तरी आपल्या घरात ती कधी परकी वाटली नाही.

प्रेक्षकांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला म्हणतो, ‘यात लॉजिक नावाला नाही.’ दुसरा म्हणतो, ‘म्हणूनच तर बघतो!’ तिसरा गट बहुतेक घरातल्या मोठ्यांचा. त्यांचं म्हणणं, आजी-नातवंडांसोबत बसून बघता येईल अशी गुन्ह्यांवरची मालिका दुसरी कुठे आहे? आणि शेवटी गुन्हेगार पकडला जातोच.

हसणाऱ्यांचाही जीव या मालिकेत किती अडकलाय, ते एप्रिल २०२५मध्ये दिसलं. प्रद्युमन यांचा मृत्यू दाखवल्यावर मीम बनवणारेच सर्वात जास्त चिडले. पुढे साटम मालिकेत परतले.

रंगीत पाणी खोटं नाही

गंमत म्हणजे, ज्यावर आपण सर्वात जास्त हसतो तो भाग सत्याच्या बराच जवळ आहे. रंग बदलणाऱ्या चाचण्या फॉरेन्सिकमध्ये रोज होतात. एखादा डाग रक्ताचा असू शकतो का, हे बघायला फिनॉल्फ्थॅलीनची चाचणी करतात. रक्त असेल तर गुलाबी रंग येतो.

पण हा रंग फक्त ‘असू शकतं’ एवढंच सांगतो. काही वनस्पतींच्या रसानेही तो येतो. म्हणून पुढे खात्रीच्या चाचण्या कराव्या लागतात. मालिका पहिल्या पायरीवरच निकाल लावते.

मग खोटं काय आहे?

पहिलं, एकटा माणूस. साळुंखे शवविच्छेदन करतात, विष ओळखतात, बोटांचे ठसे जुळवतात आणि बंदुकीची गोळीही तपासतात. प्रत्यक्षात शवविच्छेदन रुग्णालयातले डॉक्टर करतात. विषाचा संशय असेल तर पोटातल्या अवयवांचे नमुने प्रयोगशाळेत जातात. बातमीत ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असं वाचतो, ते हेच. मुंबईत कलिन्याला सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. तिथेही विष, डीएनए, शस्त्रं यांचे विभाग आणि तज्ज्ञ वेगवेगळे असतात.

दुसरं, वेळ. मृत्यू रात्री दहा ते अकराच्या दरम्यान झाला, असं मृतदेहाकडे बघून कुणी सांगू शकत नाही. शरीराचं तापमान, ताठरपणा यांवरून अंदाज बांधतात, पण आपल्याकडच्या उकाड्यात ही गणितं बदलतात. डीएनएचंही तसंच. चाचणी एक-दोन दिवसांत होऊ शकते, पण नमुन्यांची रांग लांब असते आणि अहवालाला आठवडे, कधी महिने लागतात. शिवाय डीएनए कुणाचं नाव सांगत नाही. जुळवायला संशयिताचा नमुना हातात असावा लागतो.

तिसरं, थप्पड. दयाची एक कानाखाली बसली की आरोपी घडाघडा बोलतो. भारतीय कायद्यात पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांच्या काळातल्या पुरावा कायद्यात ही तरतूद होती, नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. आणि ‘आता फाशीच’ हे ठरवायचा अधिकार एसीपींचा नाही, न्यायालयाचा आहे. तोही दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात.

जाता जाता आणखी एक. महाराष्ट्राच्या खऱ्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे. मुंबईत खून झाला तर आधी धावतं ते स्थानिक पोलीस ठाणं.

एवढं मनावर का घ्यायचं?

‘सीआयडी’नंतर दोन वर्षांनी, २०००मध्ये अमेरिकेत ‘सीएसआय’ ही फॉरेन्सिक मालिका आली. ती बघून ज्युरीतले लोक प्रत्येक खटल्यात डीएनए मागतील आणि तो नसला तर आरोपीला सोडून देतील, अशी भीती तिथले सरकारी वकील बोलून दाखवू लागले. तिला नावच पडलं, ‘सीएसआय इफेक्ट’. मिशिगनमधले न्यायाधीश डोनाल्ड शेल्टन यांनी २००६मध्ये सुमारे एक हजार ज्युरींना प्रश्न विचारले. प्रत्येक फौजदारी खटल्यात काही ना काही वैज्ञानिक पुरावा हवाच, असं ४६ टक्के लोकांना वाटत होतं. पण मालिका बघणारे आरोपींना सरसकट जास्त सोडतील, असं काही दिसलं नाही.

आपल्याकडे खटले ज्युरीपुढे चालत नाहीत. पण मोठा गुन्हा घडला की प्रत्येक ग्रुपवर एक ज्युरी बसते. अहवालाला उशीर झाला की ‘मॅनेज केलं’, संशयिताने कबूल केल्याची बातमी आली की ‘केस संपली’. मालिकेचा एक भाग तासाभरात संपतो, म्हणून तपासही तेवढ्यात संपावा असं वाटू लागतं.

इथे इंग्लंडमधलं एक प्रकरण आठवायला हवं. १९८०च्या दशकात लेस्टरशायरमध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले. १७ वर्षांच्या एका मुलाने त्यातला एक कबूल केला. ॲलेक जेफ्रीज यांच्या नव्या डीएनए तंत्राने दाखवलं की दोन्ही खून एकाच माणसाने केलेत आणि तो माणूस हा मुलगा नाही. खऱ्या गुन्हेगाराला १९८८मध्ये शिक्षा झाली. म्हणजे फौजदारी प्रकरणात डीएनएचं सुरुवातीचं मोठं काम कुणाला अडकवण्याचं नव्हतं, एका निर्दोष मुलाला सोडवण्याचं होतं. कबुलीवर थांबले असते तर?

आता नियम काय सांगतो?

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणं आणि त्याचं चित्रीकरण होणं अपेक्षित आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तज्ज्ञ वाढले, नमुने वाढले, तर प्रयोगशाळाही वाढवाव्या लागतील. नाहीतर रांग आणखी लांबेल.

तर साळुंखेंच्या रंगीत पाण्यावर खुशाल हसा. फक्त पुढच्या वेळी ‘अहवाल प्रलंबित’ अशी बातमी दिसली, तर संध्याकाळपर्यंत कुणाला गुन्हेगार ठरवू नका. खऱ्या लॅबमध्ये उत्तर ब्रेकनंतर लगेच येत नाही.