बाळोत्यांच्या धुण्याचा इतिहास



लढायांचा आणि तहांचा इतिहास मीं वर्गांत तीस वर्षें शिकविला. परंतु ज्यावांचून एकही राजपुत्र वाढला नाहीं, त्या बाळोत्यांच्या धुण्याचा उल्लेख मला एकाही पाठ्यपुस्तकांत आढळला नाहीं. नातू झाल्यावर मात्र हा विषय अक्षरशः माझ्या हातीं आला.

या धुण्याचें माणसाचें जुनें साधन म्हणजे चुलींतील राख. लांकडाची राख पाण्यांत मुरवून तें पाणी निवळूं दिलें कीं खार मिळतो. त्यांतील पोटॅशियम कार्बोनेट मळ सोडवितें. आपल्या परटांची भट्टीही खार व वाफ यांवरच चाले. युरोपांत पांढरेपणासाठीं कापड आठवडेच्या आठवडे कुरणांवर उन्हांत पसरीत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हें चित्र पालटलें. शेले या रसायनज्ञानें १७७४ सालीं क्लोरिन वायु तयार केला. बर्थोले या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्यानें कापड पांढरें करून दाखविलें. लब्लां यानें १७९१ सालीं मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचें पेटंट मिळविलें. आणि १७९९ सालीं ग्लासगोच्या टेनंट यांनीं ब्लीचिंग पावडरीचें. पुढें १८४७ सालीं व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहांत डॉ. सेमेलवाइस यांनीं अशाच द्रावणानें डॉक्टरांना हात धुवावयास लाविले, आणि बाळंतिणींचे मृत्यु झपाट्यानें घटले. पांढरें तें स्वच्छच असें नव्हे, हें जगाला पुढें जंतुशास्त्रानें शिकविलें.

मला तें नातवानें शिकविलें. बाळोतीं पांढरींशुभ्र दिसत, तरी बाळाची कातडी लाल होई. मीं साबण वाढविला. कापड अधिकच ताठ झालें. शेवटीं शाळेंत पाठ केलेलें रसायन आठवलें. आमच्या विहिरीचें पाणी जड. त्यांतील चुन्याशीं साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा थर तंतूंत बसतो. मग कापड ओल शोषीत नाहीं. मूत्रांतील युरियापासून जंतु अमोनिया बनवितात, तोही अशा कापडांत कोंडून राहतो.

उपाय साधा होता. प्रथम थंड पाण्यांत खळबळून घेणें, मग धुण्याचा सोडा घालून उकळणें, आणि फेंस दिसेनासा होईपर्यंत पुनःपुन्हां खळबळणें. शेवटीं कडक ऊन. मात्र मूत्रानें भिजलेल्या बाळोत्यांवर ब्लीचिंग पावडर कधींही टाकूं नये. अमोनियाशीं मिळून विषारी वायु निघतो. आठवड्याभरांत बाळाची कातडी निवळली.

त्या दिवशीं मला आई आठवली. श्रावणांत ऊन नसे, तेव्हां ती शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर आमचीं बाळोतीं वाळवी. पुढें माझ्या मुलांच्या वेळीं पत्नीनें तेंच केलें, आणि मी शेजारच्या खोलींत उत्तरपत्रिका तपाशीत बसलों. टेनंटांचें नांव इतिहासांत राहिलें. या हातांचें कोणीं लिहिलें नाहीं. मींही लिहिलें नव्हतें. आज एवढें ऋण मान्य करून आपली रजा घेतों.