मोजलेली माणसं

कुठे भूकंप झाला, पूर आला, युद्धामुळे माणसं देशोधडीला लागली की आपण यथाशक्ती काहीतरी देतो. कुणी शंभर रुपये, कुणी हजार, कुणी जुने स्वेटर. देऊन झाल्यावर मनात एक प्रश्न रेंगाळतोच... पोचलं का ते? आमच्या घरच्या गप्पांत हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, "मधल्या मध्ये सगळे खातात हो." दुसऱ्याचं, "आपण चांगल्या मनाने दिलं, संपलं." मला दोन्ही उत्तरं जरा आळशी वाटतात. कारण दोघांनाही पुढे काही शोधायचं नसतं.

किती पोचलं, कुणाला पोचलं, आणि त्यामुळे जीव वाचला का, हे शोधण्याची एक शिस्त आज जगात आहे. मॉनिटरिंग, इव्हॅल्युएशन, अकाउंटेबिलिटी असं तिचं लांबलचक नाव. मराठीत देखरेख, मूल्यमापन आणि उत्तरदायित्व. नाव ऐकून जांभई यावी असंच आहे! पण ही शिस्त आज ज्या रूपात आहे त्या रूपात ती का आली, हे वाचायला घेतलं की जांभई पळते. त्यासाठी १९९४ च्या जुलैत, गोमाला जावं लागतं.

गोमा हे तेव्हाच्या झाईरमधलं (आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक) रवांडाच्या सीमेला चिकटलेलं गाव. एका बाजूला किवू सरोवर, डोक्यावर न्यीरागोंगो हा जिवंत ज्वालामुखी. त्या वर्षी एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत रवांडात आठ लाखांच्या आसपास माणसांची कत्तल झाली. मारले गेले ते प्रामुख्याने तुत्सी. मग तुत्सींच्या नेतृत्वाखालच्या फौजेने देश जिंकला आणि हुतू लोकांचे लोंढे सीमेपलीकडे निघाले. १४ ते १७ जुलै या चार दिवसांत पाच ते आठ लाख माणसं गोमाच्या परिसरात येऊन पडली. त्यांत बायका होत्या, पोरं होती, निरपराध शेतकरी होते, आणि त्यांच्यातच मिसळलेले कत्तल करणारेही होते.

जमीन सगळी लाव्ह्याच्या काळ्या खडकाची. संडासाचे खड्डे खणता येत नाहीत, कबरीही खणता येत नाहीत. पाणी सरोवराचं, तेही शुद्ध न केलेलं. किबुंबाच्या छावणीजवळ तर पाणीच नव्हतं, टँकरने आणावं लागे. २० जुलैला कॉलऱ्याचं निदान पक्कं झालं. पुढचे काही आठवडे चटयांत गुंडाळलेली प्रेतं रस्त्याच्या कडेला ठेवलेली असायची. ट्रक यायचे, उचलून न्यायचे. आणि कुणीतरी ती मोजत होतं.

मला या मोजणाऱ्यांचं फार आश्चर्य वाटतं. अशा वेळी मोजत बसणं कोरडेपणाचं वाटेल. पण त्यांनी मोजलं म्हणून आज आपल्याला माहीत आहे की पहिल्या महिन्यात जवळजवळ ५० हजार माणसं दगावली. आता हा आकडा खरा कशावरून? साथरोगतज्ज्ञांनी काटाले, किबुंबा आणि मुगुंगा या छावण्यांत घरटी पाहणी केली. तुमच्या कुटुंबात किती माणसं होती, किती गेली, असं विचारत फिरले. एकीकडे प्रेतांची गणती, दुसरीकडे जिवंत राहिलेल्यांची साक्ष. दोन्ही वाटांनी साधारण एकच चित्र आलं. पहिल्या महिन्यात सहा ते दहा टक्के निर्वासित गेले होते.

सहा की दहा, एवढी तफावत का? कारण मुळात किती माणसं आली होती हेच नक्की नव्हतं. पाच लाख धरले तर ५० हजार म्हणजे दहा टक्के, आठ लाख धरले तर सहा. निर्वासितांच्या मदतीतला सगळ्यात अवघड आकडा हाच, भागाकारातला खालचा. मेलेल्यांना मोजता येतं, जिवंत माणसं मोजताना मात्र राजकारण आडवं येतं. त्याकडे पुढे येतोच.

संकट किती मोठं आहे हे ठरवायला या क्षेत्रात एक साधं माप आहे. दहा हजार माणसांमागे दिवसाला एक मृत्यू झाला की ती आणीबाणी समजायची. गोमात हा दर दिवसाला २० ते ३५ होता.

आता मनाला खरी टोचणारी गोष्ट. कॉलऱ्याने माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. ते वेळेत भरून काढलं तर बहुतेक सगळे वाचतात. आणि हे ज्ञान मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालं होतं ते निर्वासितांमध्येच, तेही आपल्याच देशात! १९७१ साली पूर्व बंगालमधून लाखो माणसं पश्चिम बंगालमध्ये आली. सीमेवरच्या बनगावच्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते. जमिनीवर रुग्णांची दाटी आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पाकिटं करून घेतली, पिंपात द्रावण तयार केलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच सांगितलं की पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, ते त्यांच्या देखरेखीखाली ३.६ टक्क्यांवर आलं. हे आपल्याला कळतं, कारण त्या गदारोळातही त्यांनी नोंदी ठेवल्या आणि १९७३ साली प्रसिद्ध केल्या. (डॉक्टर २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण मिळाला तो २०२३ साली, मरणोत्तर.)

बनगाव ते गोमा, मध्ये २३ वर्षं. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्राचं एक वैद्यकीय पथक १९९४ मध्ये गोमाला गेलं होतं. त्यांनी जे पाहिलं ते नंतर लिहिलं. शरीरात पाणी भरण्याचा वेग कमी पडत होता, तोंडाने द्यायच्या द्रावणाचा पुरेसा वापर होत नव्हता, शिरेतून भलतीच द्रावणं दिली जात होती, आणि कर्मचाऱ्यांपैकी अनेकांना गंभीर कॉलरा हाताळायचा अनुभव नव्हता. म्हणजे औषध होतं, विमानं होती, पैसे होते, सद्भावना तर भरपूरच होती. आणि तरी माणसं जात होती. मदत पोचली का, एवढंच विचारणारा म्हणेल, पोचली की! जीव वाचले का, असं विचारलं तरच यातला फरक दिसतो.

दुसरी गोष्ट धान्याची. छावण्यांत सुरुवातीला धान्य वाटलं जाई ते तिथल्या पुढाऱ्यांमार्फत. आयत्या यंत्रणेचा वापर करणं सोयीचं होतं. पण हे पुढारी बरेचसे जुन्या राजवटीचेच होते, कत्तलीत हात माखलेले. माणसांची यादी त्यांच्या हातात. यादी फुगवली की जास्तीचं धान्य मिळे, ते विकता येई, त्यातून त्यांची फौज पोसली जाई. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते असं. मघाशी म्हटलं ना, खालचा आकडा राजकारणाचा असतो! खरी शिरगणती करायला गेलं की दमदाटी व्हायची. आपण मारेकऱ्यांना पोसतोय का, हा प्रश्न मदत करणाऱ्यांना छळू लागला. 'सीमा नसलेले डॉक्टर' या संघटनेची फ्रेंच शाखा नोव्हेंबर १९९४ मध्ये तिथून बाहेर पडली. बाकीच्या बऱ्याच संस्था राहिल्या, कारण त्या गेल्या तर पोरांनी काय खायचं? दोन्ही निर्णय समजू शकतात, हीच त्यातली शोकांतिका.

यानंतर एक गोष्ट घडली ती मात्र पूर्वी कधी एवढ्या प्रमाणावर घडली नव्हती. डेन्मार्कच्या पुढाकाराने देणगीदार सरकारं, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि स्वयंसेवी संघटना यांनी मिळून स्वतःचीच तपासणी करून घेतली. रवांडा मदतीचं हे संयुक्त मूल्यमापन मार्च १९९६ मध्ये बाहेर आलं. १९९४ च्या एप्रिल ते डिसेंबरात १.४ अब्ज डॉलरच्या आसपास मदत ओतली गेली होती, दोनशेच्या वर स्वयंसेवी संस्था कामाला लागल्या होत्या. अहवालाने काहींचं कौतुक केलं. काही संस्था मात्र अननुभवी, बेशिस्त आणि कॅमेऱ्यासमोर झेंडा मिरवण्यात दंग होत्या, हेही स्पष्ट लिहिलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, राजकारण्यांनी करायचं काम मदतसंस्थांच्या गळ्यात मारता येत नाही, असं बजावलं. कत्तल थांबवायला कुणी गेलं नाही, आणि नंतर ब्लँकेटं घेऊन सगळे धावले, हा त्याचा अर्थ.

अहवाल लिहून फडताळात ठेवण्यात सगळं जग पटाईत आहे. पण हा अहवाल जरा वेगळा निघाला. १९९७ मध्ये संस्थांनी एकत्र येऊन 'स्फिअर' प्रकल्प सुरू केला. निर्वासिताला कमीत कमी काय मिळालंच पाहिजे हे त्यांनी आकड्यांत लिहून काढलं. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी. २१०० किलोकॅलरी अन्न. निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. २० माणसांमागे एक संडास. अडीचशे माणसांमागे एक नळ. गोमात पहिल्या आठवड्यात शुद्ध केलेलं पाणी माणशी एक लिटरही मिळत नव्हतं, हे लक्षात ठेवून ही यादी पुन्हा वाचा. रुक्ष वाटणारे आकडे एकदम बोलू लागतात.

यावर टीकाही झाली, विशेषतः फ्रेंच संस्थांकडून. आकडे गाठायच्या नादात माणसं विसराल, सुरक्षितता आणि राजकारण संडासांच्या हिशेबात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. टीका अगदीच पोकळ नव्हती, हे पुढे पश्चिम आफ्रिकेने दाखवलं. २००२ साली संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था आणि 'सेव्ह द चिल्ड्रन' यांची पाहणी प्रसिद्ध झाली. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमधल्या छावण्यांत अन्नाच्या बदल्यात मुलींचं लैंगिक शोषण होत असल्याचं मुलांनीच सांगितलं होतं. आरोप झालेल्यांत मदत कर्मचारीही होते. वाटपाच्या तक्त्यात हे कसं दिसणार? तिथे एवढंच दिसतं की पोतं दिलं, अंगठा घेतला. त्या मुलीला तक्रार करायला जागाच नव्हती, कारण ज्याच्याकडे जायचं तोच धान्य देणारा.

मला वाटतं, या सगळ्या इतिहासातलं खरं वळण इथे आहे. तोपर्यंत हिशेब द्यायचा तो देणगीदाराला. पावत्या, ताळेबंद, रंगीत अहवाल, सगळं वरच्या दिशेने. ज्याच्या नावाने पैसा आला त्याला कुणी विचारत नव्हतं. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी अशा शोषणावर स्पष्ट बंदी घालणारं परिपत्रक काढलं. त्याच वर्षी जिनिव्हात उत्तरदायित्वासाठी संस्थांची एक भागीदारी उभी राहिली. डिसेंबर २०१४ मध्ये नऊ वचनांचं एक समान मानक आलं. त्यातलं एक वचन असं की लोकांची तक्रार ऐकून घेण्याची सोय हवी आणि तिला उत्तर मिळायला हवं. किती साधी गोष्ट! रेशनच्या दुकानातही तक्रारवही असते. निर्वासिताला ती मिळायला इतकी वर्षं लागली, कारण फुकट मिळणाऱ्याने तक्रार करू नये असं आपण सगळेच मनातून मानतो. भिकेला कसली आलीय निवड, हे वाक्य आपल्यापैकी अनेकांच्या तोंडून येतं.

तक्रारपेटी टांगली की काम झालं असंही नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याचं काय? पेटीची किल्ली कुणाकडे? तक्रार केली तर यादीतून नाव जाईल ही भीती असेल, तर पेटी रिकामीच राहणार. आणि रिकामी पेटी पाहून अहवालात लिहिलं जाणार, एकही तक्रार नाही! म्हणून या कामातली जाणती माणसं शून्य तक्रारींकडे संशयाने पाहतात.

गोमाची गोष्ट तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं. तिथे युद्ध पुन्हा पुन्हा आलं. जानेवारी २०२५ मध्ये बंडखोरांनी गोमा घेतलं आणि आधीच्या लढायांमुळे विस्थापित होऊन शहराभोवतीच्या छावण्यांत राहिलेल्या लाखो माणसांना पुन्हा बोचकी उचलावी लागली. त्याच महिन्यात अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. दुष्काळाची आगाऊ सूचना देणारी तिची यंत्रणाही तेव्हा काही महिने बंद पडली होती. धान्य कमी झालं तर निदान भूक दिसते. मोजणारा गेला तर काहीच दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या भुकेसाठी कुणी पदरचं देत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुठे काही देताना आपण दोन प्रश्न जरूर विचारावेत. माझे पैसे पोचले का, हा एक. आणि ज्याला पोचले त्याला 'हे बरोबर नाही' असं म्हणायची सोय आहे का, हा दुसरा. एखादी संस्था म्हणेल, आमच्या खर्चाचा इतका भाग पाहणीवर आणि लोकांचं ऐकून घेण्यावर जातो. तेव्हा "एवढे पैसे कागदांवर?" असं लगेच म्हणू नये. गोमाच्या रस्त्यावर प्रेतं मोजणारी माणसंही कागदावरच लिहीत होती. पाण्याच्या १५ लिटरमागे ते कागद आहेत.