सागरी सूत्रकृमी, मुक्तजीवी

समुद्रतळाच्या वाळूत, चिखलात आणि शैवालांवर स्वतंत्रपणे जगणारे नेमॅटोडा संघातील प्राणी. आतड्यातील जंत आणि पिकांच्या मुळांवर गाठी आणणारे कृमी याच संघातले, त्यामुळे त्याची ओळख परजीवींपुरतीच राहिली. सागरी जाती मात्र जीवाणू, डायाटम, कुजके सेंद्रिय कण किंवा इतर सूक्ष्म प्राणी खातात. बहुतेकांची लांबी ०.५ ते ३ मिमी. असते. चाळणीतून गळून जाणाऱ्या अशा बारीक तळप्राण्यांच्या गटाला मॉली मेअर यांनी १९४२ मध्ये ‘मायोबेंथॉस’ हे नाव दिले. या गटात सूत्रकृमींची संख्या बहुधा निम्म्याहून अधिक भरते. एक चौरस मीटर तळात दहा लाख सूत्रकृमी सापडणे ही सामान्य गोष्ट आहे. खाडीच्या सुपीक चिखलात ही संख्या याच्या कितीतरी पट होते.

वर्गीकरण : हेन्री चार्ल्टन बॅस्टियन यांनी १८६५ मध्ये मुक्तजीवी सूत्रकृमींच्या शंभर नव्या जातींचे वर्णन केले. डच प्राणिशास्त्रज्ञ डी मान यांनी शरीराच्या लांबीचे रुंदीशी, ग्रसनीशी आणि शेपटीशी असलेले गुणोत्तर मोजण्याची पद्धत रूढ केली. ही गुणोत्तरे आजही जातीच्या वर्णनात दिली जातात. नेथन कॉब यांनी सूत्रकृमिविज्ञान ही स्वतंत्र शाखा म्हणून उभी केली, तर फिलिपयेव्ह यांनी सेव्हास्तोपोलजवळच्या काळ्या समुद्रातील जातींवरून गण आणि कुले यांची मांडणी केली.

बाहेरून सगळे सारखेच दिसणारे हे प्राणी ओळखायचे ते डोक्याकडून. ओठांभोवतीचे दृढरोम, मुखविवरातील दात, उपत्वचेवरील वलये व ठिपके आणि ॲम्फिड ही रासायनिक संवेदनेची जोडी पाहिली जाते. ॲम्फिड खिशासारखे असेल तर प्राणी बहुधा एनोप्लिया वर्गातला, सर्पिल किंवा वर्तुळाकार असेल तर क्रोमॅडोरिया वर्गातला. नराचे मैथुनकंटक आणि मादीच्या अंडाशयांची ठेवण पाहिल्याशिवाय जात ठरवता येत नाही; केवळ पिल्ले हाती आली तर अनुभवी तज्ज्ञालाही प्रजातीवर थांबावे लागते.

लोरेन्झेन यांनी १९८१ मध्ये शरीररचनेच्या आधारे वंशावळ मांडली. ब्लॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये रायबोसोमी जनुकाच्या क्रमावरून तिची फेरतपासणी केली आणि ‘ॲडेनोफोरिया’ हा जुना वर्ग नैसर्गिक नसल्याचे स्पष्ट झाले. आज एनोप्लिडा, क्रोमॅडोरिडा, डेस्मोडोरिडा, मॉनहिस्टेरिडा, ॲरिओलायमिडा आणि डेस्मोस्कोलेसिडा हे प्रमुख सागरी गण मानतात. डेस्मोस्कोलेसिडातील कृमी अंगावर गाळाचे कण चिकटवून जाड कडी तयार करतात. डेस्मोडोरिडातील स्टिल्बोनेमाटिनी या उपकुलातील जातींच्या अंगावर गंधकजीवी जीवाणूंचा दाट थर असतो, तर ॲस्टोमोनेमा प्रजातीला तोंडच नसते. ती शरीरातील सहजीवी जीवाणूंवर जगते.

वर्णन झालेल्या सागरी जाती काही हजारच आहेत. अज्ञात जातींचे अंदाज हजारोंपासून कोटींपर्यंत गेले. कोटींचे आकडे थोड्या नमुन्यांवरून ताणलेले असल्याने ते जपूनच वाचावेत.

वितरण : भरती-ओहोटीच्या पट्ट्यापासून सर्वांत खोल सागरी गर्तांपर्यंत सूत्रकृमी आढळतात. खोलीबरोबर इतर प्राणी विरळ होत जातात आणि यांचा वाटा वाढतो. वाळूत भक्षक व डायाटम खरवडणाऱ्या जाती जास्त, चिखलात निक्षेपभक्षी जास्त. मुखविवरावरून असे आहारगट ओळखण्याची पद्धत व्हीझर यांनी १९५३ मध्ये घालून दिली. अरबी समुद्रातील प्राणवायू-न्यून थरातही ते टिकून राहतात. ओमानच्या उतारावरील अभ्यासात त्यांची संख्या प्राणवायूपेक्षा अन्नाच्या प्रतीवर अवलंबून असल्याचे दिसले.

यांना तरंगणारी अळी-अवस्था नसते, तरीही कित्येक जाती दूरदूरच्या किनाऱ्यांवरून नोंदल्या गेल्या आहेत. प्रवाहाने उचललेला गाळ, वाहती शैवाले, जहाजांच्या टाक्यांतील गाळ आणि सागरी कासवांच्या पाठी ही त्यांच्या प्रसाराची साधने होत. पण एकच नाव म्हणजे एकच जात असे नाही. बेल्जियम व नेदर्लंड्सच्या किनाऱ्यावरील ‘लिटोडायटिस मरीना’च्या डीएनए तपासणीत रूपाने जवळजवळ सारख्या अनेक गुप्त जाती निघाल्या. जुन्या ‘विश्वव्यापी’ नोंदींवर त्यामुळे भरवसा ठेवता येत नाही.

बंगालच्या उपसागरातील जातींचे पायाभूत काम ढाक्यातील नोत्र दाम महाविद्यालयाचे धर्मगुरू-प्राध्यापक रिचर्ड टिम यांनी १९६० च्या दशकात केले. मालदीवच्या जाती गेरलाख यांनी १९६२ मध्ये नोंदवल्या. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवी-जुवारीच्या परिसरापासून मध्य हिंदी महासागराच्या खोल तळापर्यंत मायोबेंथॉसचा अभ्यास केला. तरीही जगाच्या नकाशावर दाट ठिपके उत्तर समुद्र आणि युरोपच्या किनाऱ्यांवरच आहेत, आणि ते प्राण्यांपेक्षा वर्गीकरणतज्ज्ञ कोठे होते हेच दाखवतात. कोकणच्या खाड्यांतील आणि कांदळवनांतील चिखलाला अशा प्रशिक्षित तज्ज्ञांची गरज आहे.