गोन्सालो हें नांव पुन्हां ठेवावें काय?

ज्युबिलीनिमित्त कांहीं लिहावयास बसलों असतां आम्हीं प्रथम स्नानसंस्काराच्या जुन्या वह्या उघडल्या. जुन्या पानांवर नांवें लॅटिन भाषेंत आहेत: योआनेस, फ्रान्सिस्कुस, इग्नासिउस. अलीकडच्या पानांवर आर्यन, रिया, आयुष अशीं नांवें दिसतात. नांवें बदलतात, यांत नवल नाहीं. परंतु एक नांव नाहींसें झालें म्हणजे त्यासह काय नाहींसें होतें, हा प्रश्न मात्र मनांत राहिला.

तो प्रश्न एका आजीबाईंनीं आमच्यापुढें उभा केला. नातवाचें नांव नोंदवावयास त्या आल्या होत्या. त्यांच्या दिवंगत यजमानांचें नांव गोन्सालो. त्या म्हणाल्या, "फादर, बुढ्याचं नांव बुडू नका देऊ." मुलाचा बाप मान खालीं घालून म्हणाला, "शाळेत पोरं हसतील, फादर." दोघांचेंही म्हणणें खोटें नव्हतें.

प्रथम ख्रिस्तसभेचा नियम पाहूं. १९१७ च्या धर्मसंहितेंत धर्मगुरूंस अशी आज्ञा होती कीं, स्नानसंस्कार घेणाऱ्यास ख्रिस्ती नांव द्यावें. आईबाप ऐकेनात तर त्यांनीं निवडलेल्या नांवास एखाद्या संताचें नांव जोडून दोन्ही वहींत लिहावीं. १९८३ च्या धर्मसंहितेंत ही अट सैल झाली. आतां एवढेंच सांगितलें आहे कीं, ख्रिस्ती भावनेस विसंगत असें नांव देऊं नये, आणि याची काळजी आईबाप, धर्मपालक व धर्मगुरु यांनीं घ्यावी. म्हणजे गोन्सालो ठेवा असा हट्ट आम्हीं धरणें कायद्यास धरून नाहीं. हा विषय मन वळविण्याचा आहे.

आतां हा गोन्सालो कोण? नांव पोर्तुगालचें, परंतु माणूस आपल्याच भूमीचा. वसई १५३४ पासून पोर्तुगिजांच्या ताब्यांत होती. तेथें १५५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सियाचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज व आई वसईचीच. लहान वयांतच तो जेसुइट फादरांबरोबर जपानांत गेला, तेथील भाषा शिकला आणि धर्मशिक्षकाचें काम करूं लागला. जेसुइट संघांत त्याला प्रवेश मिळाला नाहीं. त्यानें व्यापार केला, त्यांत जम बसविला, पण मन रमलें नाहीं. शेवटीं मनिला येथें तो फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु झाला. १५९३ सालीं संत पेद्रो बाउतिस्ता यांच्याबरोबर तो दुभाषा म्हणून पुन्हां जपानांत गेला. हिदेयोशी याच्या हुकुमानें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथील टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यांत आलें. त्यांत गोन्सालो होता. १६२७ सालीं तो धन्य व १८६२ सालीं पोप नववे पायस यांच्या हस्तें संत घोषित झाला. भारतांत जन्मलेला हा पहिला संत. तो धर्मगुरु नव्हता, विद्वान म्हणून गाजला नव्हता. परक्याची भाषा मनापासून शिकणें, हेंच त्याच्या सेवेचें साधन होतें.

कोणी म्हणेल, "नांव तर परकें!" खरें आहे. परंतु फ्रान्सिस व आंतोन हींही नांवें येथें जन्मलीं नाहींत. उलट मराठी नांवानेंही श्रद्धा कमी होत नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा १८९५ सालीं बाप्तिस्मा झाला. ते कॅथलिक नव्हते, पण अखेरपर्यंत नारायणच राहिले आणि त्यांच्या ख्रिस्तभक्तीविषयीं कोणास शंका आली नाहीं. तिसराही मार्ग आहे. दक्षिणेंतील नीलकंठ पिल्लै यांना १७४५ सालीं स्नानसंस्काराच्या वेळीं लाझर हें नांव मिळालें, तें त्यांच्याच भाषेंत देवसहायम् म्हणून. १७५२ सालीं त्यांनीं रक्तसाक्ष दिली व २०२२ सालीं ते संत घोषित झाले. तेव्हां नांव कोणत्या भाषेचें, हा प्रश्न दुय्यम होय.

परंतु बापाच्या मनांत शाळेंतील हंशापलीकडे आणखी एक भीति होती, आणि ती आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. नांवावरून धर्म ओळखला जातो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरविल्या. १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध बांधवांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्यांना नाहींत. मेळघाटांतील कोरकू बांधवांच्या अनुसूचित जमातीच्या दाखल्यास धर्माची ही आडकाठी नाहीं. पण इतर अनेक घरांत बाळाचें नांव ठेवतांना पोटाचा विचार आधीं येतो. कित्येकांचें वहींतलें नांव एक आणि शाळेच्या दाखल्यावरचें दुसरें असतें. मग लग्नाच्या वेळीं कागद जुळत नाहींत आणि प्रतिज्ञापत्रांसाठीं हेलपाटे घालावे लागतात. ज्याच्या डोक्यावर हा भार आहे, त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार पुरोहितगृहांत सुखानें बसलेल्या आम्हांस नाहीं.

मग निवाडा काय? आमच्या मतें हें नांव परत यावयास योग्य आहे, परंतु जबरदस्तीनें नव्हे आणि केवळ जुनें म्हणूनही नव्हे. ज्या घरांत त्या नांवाची कथा सांगितली जाईल, त्याच घरांत तें जगेल. कथा हरवली तर गोन्सालो हा केवळ अवघड उच्चार उरतो. पोरें हंसतात तीं त्यालाच. आणि जें नांव ठेवाल तें वहींत, दाखल्यांत व घरीं एकच असूं द्या. दोन नांवें ठेवावयाचीं तर दोन्ही सर्वत्र एकत्र लिहा.

आम्हीं त्या बापाला संताची हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानें विचारलें, "वसईचाच होता काय, फादर?" त्या बाळाच्या नांवांत आज आयुषच्या पुढें गोन्सालो लिहिलेलें आहे, आणि आजीबाई त्याला दुसऱ्या कोणत्याच नांवानें हांक मारीत नाहींत.

१९५५ सालीं नागपूरपासून वेगळा होऊन आपला अमरावती धर्मप्रांत झाला. तेव्हां ज्यांचीं नांवें वहींत होतीं त्यांपैकीं पुष्कळ आज प्रभूच्या घरीं आहेत. या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें आपल्या आजोबा-पणजोबांचीं नांवें एकदां मुलांसमोर मोठ्यानें वाचावीं, इतकीच आमची विनंति. ज्यानें प्रत्येकाला नांवानें हांक मारली, तो प्रभु आपणां सर्वांचें कल्याण करो.