लास व्हेगस: जुगारनगरीतील स्वस्त कौटुंबिक सहल

१८ ऑक्टोबर १९६८ रोजी जे सार्नो यांनी लास व्हेगसमध्ये 'सर्कस सर्कस' हा कॅसिनो उघडला, तेव्हा तेथे मुक्कामासाठी एकही खोली नव्हती. खाली जुगाराची टेबले आणि डोक्यावर झुल्यांवरच्या कसरती! मोठ्या रकमा लावणारे जुगारी तेथे फारसे रमले नाहीत, यात नवल नाही.

१९७४ मध्ये विल्यम बेनेट व विल्यम पेनिंग्टन यांनी कारभार हाती घेतला आणि गिऱ्हाईकच बदलले. बेताच्या कमाईचे कुटुंब त्यांना हवे होते. खोली स्वस्त, जेवण स्वस्त, सर्कस फुकट. मुले वरच्या मजल्यावरील जत्रेत रंगली, की आईवडील खाली नाण्यांच्या यंत्रांपाशी मोकळे. नेवाडा राज्यात २१ वर्षांखालील व्यक्तीस जुगार खेळता येत नाही. त्यामुळे या स्वस्ताईची भरपाई वडीलधाऱ्यांच्या खिशातूनच होई.

युक्ती फळली. १९९० मध्ये चार हजारांहून अधिक खोल्यांचे किल्लेवजा 'एक्सकॅलिबर' उभे राहिले. १९९३ मध्ये 'ट्रेझर आयलंड'पुढे समुद्री चाच्यांची लढाई रस्त्यावरून फुकट दिसू लागली, तर ५,००५ खोल्यांच्या 'एमजीएम ग्रँड'ने मागील अंगणात मनोरंजन उद्यानच थाटले.

पण उद्यानात रमलेले मूल कॅसिनोला काय देणार? २००० नंतर ते सर्वसामान्यांसाठी बंद झाले. २००३ मध्ये, येथे घडलेले येथेच राहील, अशी सूचक हमी शहराच्या जाहिराती देऊ लागल्या. त्याच वर्षी चाच्यांच्या लढाईत तोकड्या वेशातील मोहिनी अवतरल्या.